ब्लॉकबस्टर बनतो कसा, विकला जातो कसा आणि वाचायचा कसा? 'सैराट' समोर ठेवून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं

सिनेमावर बोलायला बसलं की काही प्रश्न ठरलेले असतात. निम्मे पैशांचे, निम्मे अर्थाचे. विचारणाऱ्याला वाटतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला तसं वाटत नाही. पैसा कुठे घातला, जाहिरातीत काय मिरवलं आणि काय झाकून ठेवलं, हे नीट पाहिलं की अर्धा अर्थ तिथेच हाती लागतो. उत्तरं देताना बहुतेक ठिकाणी 'सैराट'चंच उदाहरण घेतलंय, कारण वेगवेगळ्या जातींतल्या अर्ची आणि परश्याच्या प्रेमाची ही गोष्ट बहुतेकांनी पाहिलीय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं, कारण खाली शेवट सांगून टाकलाय.

ब्लॉकबस्टर म्हणजे नक्की किती कोटी?

असा आकडा ठरलेला नाही. चार कोटींच्या सिनेमाने चाळीस आणले तर तो ब्लॉकबस्टर. तीनशे कोटी ओतून साडेतीनशेचा गल्ला आला तर पोस्टरवर काहीही छापोत, वितरक डोक्याला हात लावून बसलेला असतो. धंद्यातली माणसं घातले किती आणि सुटले किती एवढंच बघतात. त्यात आपल्याकडचे आकडे निर्मात्याकडून नाहीतर ट्रेडवाल्यांच्या अंदाजातून येतात. त्यामुळे कुठलाही आकडा ऐकला की त्याला मनातल्या मनात 'च्या आसपास' जोडून घ्यायचं. खालच्या आकड्यांनाही.

मग 'सैराट'चा हिशेब काय होता?

खर्च चार कोटींच्या आसपास, जगभरचा गल्ला 110 कोटींच्या घरात. 29 एप्रिल 2016 ला तो लागला. त्याआधी फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात किशोरवयीन प्रेक्षकांसाठीच्या 'जनरेशन 14 प्लस' विभागात दाखवून झाला होता. पहिल्या तीन दिवसांत बारा कोटींच्या आसपास जमले. त्याच वर्षी जानेवारीत 'नटसम्राट'ने मराठीतला गल्ल्याचा विक्रम केला होता. तो 'सैराट'ने काही आठवड्यांत मागे टाकला आणि मराठी सिनेमा पहिल्यांदाच शंभर कोटींच्या पलीकडे गेला.

110 कोटी म्हणजे निर्मात्याच्या खिशात 110 कोटी?

अजिबात नाही. तिकीटबारीवर जमतो तो एकूण गल्ला. त्यातून आधी कर वजा होतो. उरलेल्या रकमेत थिएटरवाला आणि वितरक वाटेकरी. 2009 मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठं भांडण झालं, दोन महिने नवे हिंदी सिनेमे लागले नाहीत, आणि शेवटी तोडगा निघाला: पहिल्या आठवड्यात वितरकाला निम्मा वाटा, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. एकपडदा थिएटरांचं गणित वेगळं, तिथे कुठे भाडं ठरतं, कुठे टक्केवारी. वितरकाकडे येतो तो 'शेअर'. त्यातून प्रसिद्धी, प्रती आणि त्याचं कमिशन गेल्यावर उरेल ते निर्मात्याचं.

सगळे पहिल्या शुक्रवारसाठी जीव का टाकतात ते या टक्केवारीतून कळतं. सिनेमा जितका जुना होतो तितका वितरकाचा वाटा घटतो. पहिल्या तीन दिवसांतच गर्दी खेचायची, मग लोक काहीही बोलोत, ही वृत्ती या हिशेबातूनच येते. 'सैराट'चं नशीब असं की तेव्हा महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता, जीएसटी यायला अजून वर्ष होतं. त्यामुळे तिकिटाच्या पैशातला बराच मोठा भाग वाटणीसाठी शिल्लक राहिला. शिवाय तो चौथ्या-पाचव्या आठवड्यातही चालत होता. टक्का कमी झाला, पण माणसं येतच राहिली.

चार कोटींत एवढा मोठा दिसणारा सिनेमा बनला कसा?

आधी पैसा कुठे गेला नाही ते बघू. स्टारच्या मानधनात गेला नाही. मोठे सेट उभारण्यात गेला नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि पहिल्या भागाचं बरंचसं शूटिंग त्याच मुलखातलं. उजनीचं पसरलेलं पाणी, उसाचे फड, करमाळ्याचा कमलाभवानीचा परिसर, पायऱ्यांची विहीर. परक्या माणसाला रेकी करत महिनाभर हिंडूनही सापडलं नसतं ते दिग्दर्शकाला लहानपणापासून पाठ होतं. बोलीचंही तसंच. संवाद त्यांचे भाऊ भारत मंजुळे यांचे आहेत. पुण्यात बसून कुणी 'ग्रामीण' संवाद लिहिले की पात्रं तमाशातल्यासारखी बोलतात, तसं इथे कुणी बोलत नाही.

पैसा गेला तो कॅमेऱ्यात आणि संगीतात. छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी. पहिल्या भागात त्यांचा कॅमेरा उंच जातो, पाण्यावरून फिरतो, पाखरांच्या थव्यामागे धावतो, पळणाऱ्या पोरांना स्लो मोशनमध्ये पकडतो. सोलापूर जिल्हा पडद्यावर म्हणजे दुष्काळ, भेगाळलेली जमीन आणि हंडा घेऊन निघालेली बाई, ही सवय झालेल्या डोळ्यांना तो मुलूख देखणा दिसला. माझ्या मते या सिनेमाने केलेला हा पहिला राजकीय उद्योग, आणि तो कथा सुरू व्हायच्या आधीच झालेला आहे.

आणि संगीतासाठी थेट अमेरिकेला जायची काय गरज होती?

अजय-अतुलनी सिम्फनी ऑर्केस्ट्राचा भाग लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खऱ्या वादकांकडून वाजवून घेतला. की-बोर्डवर काम भागलं असतं, बरेच जण भागवतातच. पण एकदा डोळे मिटून 'याड लागलं' ऐका. व्हायोलिनांचा तो फुगवटा आपण कुठे ऐकलेला असतो? श्रीमंत घरातला नायक परदेशातल्या हिरवळीवर हात पसरून उभा राहतो तिथे. इथे त्याच सुरांवर मासेमारी करणाऱ्याचा पोरगा विहिरीत उडी टाकतो. पडद्यावर भव्य प्रेम करण्याचा हक्क कुणाला, या प्रश्नाचं उत्तर संगीताच्या बजेटात दिलेलं आहे. 'उगाच खर्च' म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही.

नवखी पोरं घेणं म्हणजे जुगार नाही का?

जुगारच. पण नावाजलेले चेहरे घेतले असते तरी जुगारच होता, फक्त महाग. अर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी. परश्या झालेला आकाश ठोसर कुस्तीच्या तालमीतला. दोघांच्या मागे आधीचा एकही सिनेमा नाही, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात त्यांची कुठलीही जुनी प्रतिमा नाही. ओळखीचा नायक असता तर तो मरणार नाही याची आपल्याला आतून खात्री असते, कारण हिरो सहसा मरत नसतो. इथे ती खात्रीच नव्हती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. रिंकूला 63 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तोही सिनेमा प्रदर्शित होण्याच्या महिनाभर आधी. प्रसिद्धीवाल्यांना ही आयतीच बातमी मिळाली.

तानाजी गळगुंडे आणि अरबाज शेख हे दोघं परश्याचे मित्र. लंगड्या आणि सल्या म्हणून ते घराघरांत पोचले. या दोघांशिवाय पहिला भाग एवढा हसरा झाला नसता.

प्रसिद्धी नेमकी कशी केली?

गाण्यांनी. सिनेमा लागायच्या आधीच गाणी मोबाइलवर, रिक्षात, एसटी स्टँडवरच्या टपरीवर वाजायला लागली होती. निर्मितीत झी होती, म्हणजे वाहिनी घरचीच. 'चला हवा येऊ द्या'च्या मंचावर सगळी टीम येऊन गेली. त्या काळी मराठी सिनेमाची ही वारीच झाली होती, प्रदर्शनाआधी तिथे हजेरी लावल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. पोरापोरींचं प्रेम, बुलेटवरची अर्ची, इंग्रजीत सांगण्याची धमकी देणारा तिचा तो संवाद, आणि 'झिंगाट'. लोकांपुढे ठेवलं ते एवढंच.

काय ठेवलं नाही ते बघा. जात हा शब्द पुढे केला नाही. हैदराबादची झोपडपट्टी पुढे केली नाही. शेवटाचा तर मागमूस नाही. लग्नाच्या वरातीत, गणपतीत, गॅदरिंगमध्ये 'झिंगाट' वाजलं की आजही आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे नाचतात. सिनेमात ते गाणं येतं कुठे? अर्चीचा बाप तात्या पाटील याच्या घरी, त्याच्या पोराच्या, प्रिन्सच्या वाढदिवसाला. गावभरची पोरं त्या अंगणात बेभान नाचतात आणि त्याच रात्री अर्ची-परश्या पकडले जातात. सगळा महाराष्ट्र ज्या गाण्यावर नाचला, सिनेमातला आनंद नेमका त्याच गाण्यापाशी संपतो.

मग ही प्रेक्षकांची फसवणूक झाली, नाही का?

हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात खरा राग असतो. 'प्रेमकथा म्हणून लेकरांना घेऊन गेलो आणि काय दाखवलंत?' राग समजण्यासारखा आहे. पण उलट बाजूही बघा.

याच दिग्दर्शकाचा 'फँड्री' आधी येऊन गेला होता. विषय जातीचाच, शेवट कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावलेल्या दगडाचा. पुरस्कार मिळाले, लेख आले, चर्चासत्रं झाली. पण तो पाहायला गेले त्यांतले बरेच जण कौल आधीच ठरवून गेले होते. ज्याने पाहायला हवा होता तो फिरकलाच नाही. 'सैराट'ने त्याच माणसाला गाण्याच्या नादाने आत आणलं, दीड तास हसवलं, नाचवलं, परश्याच्या बाजूने शिट्ट्या मारायला लावल्या. दोघं पळून गेल्यावर 'सुटले बुवा!' म्हणून त्याने सुस्काराही सोडला. आणि मग दार लावून घेतलं. बाहेर पडताना 'पोरांचंच चुकलं' म्हणायची त्याला सोय उरली नाही, कारण तीन तास तो पोरांच्या बाजूने होता. जाहिरातीने खोटं काही सांगितलं नव्हतं. फक्त ती जिथे गप्प बसली तिथेच सिनेमाचं म्हणणं होतं.

प्रसिद्धीत प्रश्न लटकवत ठेवण्याचा दुसरा मार्गही असतो. 2015 च्या जुलैपासून 2017 च्या एप्रिलपर्यंत कटप्पाने बाहुबलीला का मारलं, यावर देशभर विनोद चालू होते. त्या विनोदांनी दुसऱ्या भागाची फुकट जाहिरात केली. तिथे काहीतरी झाकलंय हे सगळ्यांना माहीत होतं. इथे झाकलंय याचाच पत्ता नव्हता.

माऊथ पब्लिसिटी खरंच एवढी चालते?

चालते, पण तिला वेळ लागतो आणि तेवढा वेळ थिएटरवाल्याने द्यावा लागतो. 15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' लागला तेव्हा सुरुवातीचे दिवस थंड होते. लोक बोलायला लागले तशी गर्दी वाढली, आणि मग मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं मुक्कामाला होता. संवादांच्या तबकड्या निघाल्या. लोक सिनेमा आधी ऐकून मग बघायला जात. आज थंड शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत खेळ निम्म्यावर येतात. बोलायला वेळच मिळत नाही.

'सैराट'ला दोन्ही मिळालं. शुक्रवारी गर्दी होतीच, आणि सोमवारनंतरही ती हटली नाही. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला. आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर, टेम्पो भरून माणसं यायची. ज्या थिएटरांत वर्षानुवर्षं निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या तिथे पडद्यापुढे उभं राहून लोक नाचले.

हॉलिवूडमध्ये हे ब्लॉकबस्टर प्रकरण कधी सुरू झालं?

सगळे बोट ठेवतात ते 20 जून 1975 वर. त्या दिवशी स्पीलबर्गचा शार्कवरचा 'जॉज' अमेरिकेत एकदम चारशेहून अधिक थिएटरांत लागला, आणि त्याआधीचे काही दिवस टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला होता. त्याआधी मोठे सिनेमे मोजक्या शहरांत लागायचे आणि हळूहळू पसरायचे. उन्हाळा, एकाच वेळी सगळीकडे, टीव्हीवर जाहिरात: हा साचा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. गंमत म्हणजे 'जॉज' आणि 'शोले' एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यातले, पण मोठे झाले ते अगदी उलट रस्त्यांनी.

मराठी सिनेमाला थिएटरच मिळत नाही, ही नेहमीची रड खरी आहे का?

खरी आहे आणि जुनी आहे. 1971 मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमधून हटवून देव आनंदचा सिनेमा लावायचं ठरलं, तेव्हा प्रकरण शिवसेनेपर्यंत गेलं. 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सांना संध्याकाळच्या वेळेत मराठी सिनेमा सक्तीचा करायचं जाहीर केलं, ओरडा झाला, मग दुपारी बारा ते रात्री नऊ अशी वेळ ढिली केली. सक्तीने खेळ मिळतो, प्रेक्षक मिळत नाही. 'सैराट'साठी कुणाला सक्ती करावी लागली नाही. थिएटरवाले स्वतःच खेळ वाढवत होते.

पायरसीने नुकसान झालं का?

झालं असणारच. प्रदर्शनानंतर काही दिवसांत सेन्सॉरसाठीची प्रत इंटरनेटवर फुटली. मोबाइलच्या दुकानांत पेनड्राइव्हवर भरून मिळत होती. तरीही थिएटरं भरलेली राहिली, कारण घरी मोबाइलवर पाहणाऱ्याला आजूबाजूला नाचणारं गाव मिळत नाही.

आता अर्थाकडे येऊ. दिग्दर्शकाने खरंच एवढा विचार केलेला असतो का? की समीक्षक उगाच कीस पाडतात?

कधी केलेला असतो, कधी नसतो, आणि फारसा फरक पडत नाही. 'जॉज'चंच घ्या. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. पंचावन्न दिवसांचं शूटिंग दीडशेच्या वर गेलं. शार्क दाखवता येईना म्हणून पाण्याचा पृष्ठभाग, तरंगणारी पिंपं आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर यांवर भागवावं लागलं. न दिसणारी भीती ही त्या सिनेमाची मोठी ताकद मानली जाते आणि ती निम्मी नादुरुस्तीतून आलेली आहे. म्हणून तिचा अर्थ लावायचा नाही? पडद्यावर जे उरलं ते उरलं.

त्या शार्कचा अर्थ काय, यावरही ढिगाने लिहून झालं. फ्रेडरिक जेमसन या समीक्षकाने 1979 च्या एका निबंधात वेगळाच मुद्दा मांडला. त्याचं म्हणणं साधारण असं: शार्क म्हणजे अमुकच, असं ठरवत बसू नका. वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या भीती एकाच जनावरात कोंबता येतात, हेच त्याचं काम. मोठ्या गर्दीचे सिनेमे पाहताना मला हे फार उपयोगी पडतं. लाखो लोकांना एकच गोष्ट आवडते तेव्हा ते सगळे एकच गोष्ट पाहत असतात असं नाही. 'सैराट'मध्ये कुणी पहिलं प्रेम पाहिलं, कुणी जात, कुणी अर्चीचा रुबाब, आणि काही बापांनी, खरं सांगायचं तर, तात्याची इज्जत पाहिली.

आणि कधीकधी अर्थ तिसराच कुणीतरी बदलतो. 'शोले'त मुळात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरला ते चाललं नाही, म्हणून पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात. सूड घेणारा माणूस शेवटच्या मिनिटाला कायदा पाळणारा नागरिक झाला. तो अर्थ लेखकांचा नाही, सरकारचा आहे.

'सैराट' वाचायचाच झाला तर सुरुवात कुठून करू?

शेवटापासून. तो प्रसंग परत लावा आणि फक्त वस्तू बघा. हैदराबादेतलं छोटं घर, दारात अर्ची रांगोळी काढतेय. माहेरची माणसं येतात, हातात आहेर. ती बावरते, आत घेते, चहा टाकते. परश्या येतो. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलंय. रांगोळी, आहेर, चहा, म्हणजे मराठी घरात पाहुणे आले की जे जे होतं ते सगळं. आवाज चढत नाही, सुरा दिसत नाही, खून पडद्यावर होतच नाही. शेजारीण मुलाला दारात सोडून जाते. मूल आत येतं, पाहतं, रडत बाहेर निघतं आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत जातात. आवाज नाही. रडणं दिसतं, ऐकू येत नाही.

ज्या सिनेमाचं संगीत वाजवायला सातासमुद्रापार ऑर्केस्ट्रा गाठला, त्याच्या शेवटाला एक सूर नाही. नावंही त्याच शांततेत वर सरकतात. साधारण हिंदी-मराठी सिनेमात अशा ठिकाणी सारंगी येते, आपण रडतो, मोकळे होतो, पॉपकॉर्नचं रिकामं पाकीट टाकून बाहेर पडतो. इथे मोकळं व्हायची सोयच काढून घेतलीय. थिएटरमध्ये दिवे लागल्यावरही लोक खुर्चीत बसून राहायचे, त्याचं कारण मला या ध्वनीच्या निर्णयात दिसतं.

आणि मारेकरी कोण? वाढदिवसाला ज्याच्यासाठी 'झिंगाट' वाजलं तो भाऊ त्यांत आहे. आधी याच प्रिन्सने वर्गात मास्तरच्या कानाखाली मारलेली असते. तेव्हा थिएटरात काही लोक हसले होते.

अर्ची ही स्त्रीवादी नायिका आहे का?

अर्धं उत्तर हो. ती परश्याकडे बघते, आणि नजर रोखून बघते. ट्रॅक्टर चालवते, गोळी झाडते, पोलीस ठाण्यात मुलांवर लादलेली खोटी तक्रार फाडून टाकते. मराठी पडद्यावर नायिकेने नायकाला लाजायला लावल्याचं असं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

उरलेलं अर्धं जास्त मोलाचं आहे. हे धाडस तिचं किती आणि वाड्याचं किती? गावात तिला कुणी अडवत नाही, कारण ती पाटलाची पोर. तिचा बेडरपणा हाही त्या घरच्या मालमत्तेचाच भाग. हैदराबादेत ते आडनाव कुणाला माहीत नाही, भाषा येत नाही, झोपडीतल्या वासाने तिला उलटी येते, रडू येतं. मग ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते, पैसे साठवते. यातून उभी राहते ती अर्ची मला बुलेटवाल्या अर्चीपेक्षा मोठी वाटते. पोस्टरवर मात्र बुलेटवालीच हवी, हे मीही मान्य करतो.

दुसरा भाग कंटाळवाणा आहे, असं बरेच म्हणतात.

म्हणोत. गाणी संपलेली असतात, कॅमेरा जमिनीवर उतरलेला असतो, खोली लहान, भांडणं घरातली. परश्या संशय घेतो, हातही उचलतो. ज्याच्यासाठी शिट्ट्या मारल्या तो पोरगा साधा नवरा होताना बघणं कुणाला आवडेल? नेहमीची प्रेमकथा पळून गेल्यावर संपते. इथे त्यानंतरचं घरभाडं, नोकरी, स्वयंपाक, रुसवे दाखवलेत. छाया कदमांची सुमनअक्का त्यांना आसरा देते, तीही स्वतःचं दुःख बाळगून जगणारी. माझी एकच तक्रार आहे: गुंडांपासून सुटका होते तो योगायोग जरा सोयीचा आहे.

हिंदीत 'धडक' का नाही पोचला?

2018 चा 'धडक' कमाईत पडला नाही, हे आधी सांगतो. पण दोन्ही लागोपाठ बघा, रसग्रहणाच्या आठ तासिका वाचतील. गोष्ट तीच, अजय-अतुल तेच, 'झिंगाट' तेच. गाव जाऊन उदयपूर आलं, तलाव आणि हवेल्या आल्या. मुलाचं घर हॉटेलवाल्यांचं, म्हणजे आर्थिक दरी बुजली. जात कुजबुजीएवढी उरली. शेवटी नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी जगते आणि किंचाळते. म्हणजे शांतताही गेली. मूळ सिनेमातलं काय काढलं की तो उभा राहत नाही, हे रिमेकमुळे कळतं. कन्नड, पंजाबी, ओडिया आणि बंगालीतही तो झाला. कन्नडमध्ये नायिका रिंकूच होती.

असे सिनेमे पाहून पोरं बिघडतात, पळून जातात?

शेवट पाहून पळून जावंसं वाटेल अशी पोरं मला तरी भेटलेली नाहीत. जातीबाहेर लग्न केलं म्हणून मारून टाकणं सिनेमाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. मला खटकतं ते वेगळंच. असा खून झाला की मराठी वर्तमानपत्रं मथळ्यात 'सैराट' छापतात. मेलेल्या मुलीच्या बातमीला सिनेमाचं नाव लागलं की ती वाचकाला आधी पाहिल्यासारखी वाटते.

त्याच साच्यातले पुढचे सिनेमे का आपटले?

कारण त्यांनी साचा उचलला: गावरान बोली, नवे चेहरे, एक नाचाचं गाणं. पुढे मराठीत गर्दी खेचली ती वेगळ्याच सिनेमांनी. 2022 मध्ये 'पावनखिंड', 2023 मध्ये 'बाईपण भारी देवा'. दुसऱ्यासाठी तर बायकांचे गटच्या गट आले, नऊवारी नेसून, गॉगल लावून. तिथेही सिनेमा काय विकतोय आणि काय सांगतोय, हे वेगवेगळं तपासून बघा. बऱ्यापैकी अंतर सापडेल.

परीक्षण आणि रसग्रहण यांत फरक काय?

परीक्षण न पाहिलेल्यांसाठी: जावं की न जावं. रसग्रहण पाहिलेल्यांसाठी. पहिल्यात शेवट फोडला तर वाचक शिव्या देतो, दुसऱ्यात शेवट टाळला तर लिहिणाऱ्याने काम केलं नाही.

हे शिकायचं असेल तर कुठे?

पुण्यात एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा रसास्वादाचा उन्हाळी अभ्यासक्रम बरीच वर्षं चालत आलाय, त्याची चौकशी करा. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या आहेत. ते जमत नसेल तर घरी एवढं करा: 'सैराट'मधला विहिरीचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून नुसता ऐका, आणि दोन्ही वेळा काय हरवलं ते चार ओळींत लिहून काढा. मग तेच हैदराबादच्या कुठल्याही प्रसंगाबाबत करा. लिहिलेलं लगेच कुणाला दाखवायची घाई नको, आधी ज्याने सिनेमा तुमच्याबरोबर पाहिला होता त्याच्याशी वाद घालून घ्या.